यापशेठचे मऊ हात

कॅलिफोर्नियात तेव्हा चिनी मजुराला बायको आणायची बंदी होती, चिनी व्यापाऱ्याला मुभा होती. व्यापारी कोण? तर ज्यानं वर्षभर अंगमेहनतीची इकडची काडी तिकडे केली नाही तो. आणि तसं दोन गोऱ्यांनी शपथेवर सांगायचं. आम्ही चिनी फार राबतो म्हणून सरकारनं दार लावलं होतं. आळशीपणाचा दाखला आणला की तेच दार उघडायचं.

याप संग धोबी होता. बायकोच्या, गामयूतच्या, लाल लग्नझग्याचा नवेपणाही गेला नव्हता, तेव्हा तिला चीनमध्ये गावी ठेवून आलेला. आम्ही त्याला आमच्या वाणसामानाच्या दुकानात भागीदार केलं आणि गल्ल्यामागे खुर्चीत बसवलं.

दोन दिवसांत गडी रडकुंडीला आला.

"दादा, निदान शेंगा तरी सोलू दे."

"हात खाली! समोरून तो गोरा खाटीक बघतोय, साक्ष त्यालाच द्यायचीय."

"मग नुसतं फडकं मारतो."

"शेठ फडकं मारत नाहीत रे, शेठ जांभया देतात. दे बघू एक."

त्याला जांभईही धड येईना. रस्त्यानं मळक्या कपड्यांचं बोचकं गेलं की मान त्याच्यामागं जायची, पाणी वाजलं की बोटं वळवळायची. पण वर्ष सरलं. इस्त्रीचे घट्टे विरले, तळवे लोण्यासारखे झाले. हॅनरहन खाटकानं परवाने देणाऱ्या साहेबापुढे शपथ घेतली, "याच्याइतका ऐतखाऊ मी आयर्लंडातही पाहिला नाही." पोस्टमास्तरीणबाईंनी जोरात मान डोलावली. याप संगचे डोळे भरून आले.

गामयूतची बोट लागली. बंदराबाहेरच्या तपासणीच्या बेटावर तिथल्या साहेबानं तिला उभं केलं आणि म्हणाला, हात दाखव. वर्षभर आम्ही त्याचे हात जपले. तिच्या हातांचा विचार एकाच्याही डोक्यात आला नव्हता. भातलावणीत पिकलेले, दोरखंडासारखे हात तिचे! पुढचं आम्हाला नंतर दुभाष्यानं सांगितलं.

"नवरा शेठ, आणि हात असे?" साहेब गुरगुरला.

"नवरा कामाला हात लावत नाही, हे तुमच्याच कागदात आहे ना? मग घरचं करणार कोण? तुम्ही?"

दुभाष्यानं 'तुम्ही' तेवढं गाळलं. साहेब घुटमळला. त्याच्याही घरी बहुधा असंच चाललं असावं. शिक्का उठला.

ती धक्क्यावर उतरली, शेजारी जडशीळ पेटी. याप संग हात पसरून धावला आणि आम्ही सगळे ओरडलो, "उचलू नकोस! इथल्या कचेरीच्या खिडकीतही साहेब आहे!"

तो जागीच थिजला. गामयूतनं त्याला नखशिखांत न्याहाळलं आणि पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चला शेठ. रस्ता तरी दाखवता येईल ना?"

हात पाठीशी बांधून तो पुढं निघाला. वळून वळून तिच्याकडे बघायचा आणि दर वेळी ठेचकाळायचा. कोपरा ओलांडला, खिडकी दिसेनाशी झाली, तसा त्यानं पेटीवर झडपच घातली. ती काही सोडीना. भर रस्त्यात नवरा-बायको पेटी ओढत उभे, आणि दोघांनाही हसू आवरेना.