सगळ्यात संथ डिस्क

मैदानावर तिला सगळे ‘तोफ’ म्हणायचे. डिस्क गोल्फमध्ये प्लास्टिकची चकती फेकत फेकत दूरच्या लोखंडी टोपलीपर्यंत न्यायची असते. टोपलीवर लटकणाऱ्या साखळ्यांना आपटून ती आत पडली की तो टप्पा संपला. कमीत कमी फेकींत पोचेल तो जिंकला. तोफेची पहिलीच फेक अशी सुटायची की बरोबरचे लोक आपली पाळी विसरून बघत राहायचे.

एरवी ती सलून चालवायची. दिवसभर एका हातात ड्रायर, दुसऱ्यात ब्रश आणि दोन्ही हात खांद्यांच्या वर. एका सकाळी गिऱ्हाइकाचे केस अर्धे वाळवून झाले असताना उजवा हात वर जाईचना. खुर्चीतल्या बाईंना आरशात ती तशीच थबकलेली दिसली. त्यांना वाटलं, हिला घरचं काहीतरी आठवलं असावं. खांद्यातला स्नायू फाटला होता. ऑपरेशन झालं, हात झोळीत बांधून गळ्यात आला, आणि पुढे कितीतरी महिने ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटं चालवत हात इंच इंच वर नेत राहिली.

शेवटी फिजिओथेरपिस्ट म्हणाली, “फेका आता. पण निम्म्या जोरात. खांदा कुरकुरला की थांबायचं.”

नवरा कामावर होता, म्हणून धाकटा दीर तिच्याबरोबर मैदानावर आला. तिची पिशवी त्यानेच खांद्यावर घेतली होती. तिने ती उघडली तर आत एकच डिस्क.

“भाऊजी, बाकीच्या कुठायत?”

“दादाने काढून ठेवल्यात. म्हणाला, ड्रायव्हर हातात आला की हिचा हात काही गप्प बसायचा नाही.”

ड्रायव्हर म्हणजे पातळ कडेची, लांब जाणारी डिस्क. पिशवीत उरला होता तो पटर. जाड, बोथट कडेचा, सगळ्यांत संथ. टोपलीजवळ पोचलं की साखळ्यांत अलगद टाकायला तो वापरतात.

“आणि याचं मी काय करू? जेवण वाढू?”

“वाढा की. भूक लागलीच आहे.”

तिला हसू आलं नाही. पहिला टप्पा मोकळ्या माळावर होता. सवयीने तिने सगळा जोर लावला. पटर हातातून सुटला, थरथरला, उजवीकडे कलंडला आणि जवळच्याच गवतात जाऊन पडला. खांद्यात कळ उठली. ती बाकावर बसली.

“चला घरी,” ती म्हणाली. “झालं माझं खेळणं.”

दिराने गवतातून पटर उचलून आणला. मग म्हणाला, “पुढचा एक टप्पा बघा, वहिनी. नाहीच जमलं तर जाऊ, आणि वाटेत दोघं मिळून दादाला शिव्या घालू.”

पुढचा टप्पा झाडांमधून जायचा. दोन्ही बाजूंना उंच खोडं, मधे अरुंद वाट आणि पार टोकाला टोपली. तोफेचे गोळे इथे हमखास खोडांवर फुटायचे. आता भांडण्याइतकाही उत्साह तिच्यात उरला नव्हता. तिने हात सैल सोडला, डिस्क छातीशी सपाट धरली आणि जाऊ दिली.

पटर निघाला. घाई नाही, आवाज नाही. कमरेएवढ्या उंचीवरून तो सरळ वाटेच्या मधोमध चालला. आता पडेल, आता पडेल असं तिला वाटत होतं, आणि तो पडत नव्हता. पानांतून उतरलेल्या उन्हाच्या पट्ट्यांमधून तो उजळत, विझत, पुन्हा उजळत गेला. त्याचं फिरणंसुद्धा दिसत होतं. ड्रायव्हर कसा उडतो हे तिला कधी दिसलंच नव्हतं. तो सुटायचा आणि लांब कुठेतरी पडायचा. हा तिच्या डोळ्यांदेखत हवेवर रेलून चालला होता. शेवटी दमल्यासारखा जरासा डावीकडे झुकला आणि टेकला. घसरला नाही, उसळला नाही, जिथे टेकला तिथेच बसला.

“अहो वहिनी…” दीर म्हणाला, आणि पटर टेकला होता तिकडे चालू लागला.

अजून टोपली थोडी लांब होती आणि तिच्यामागे लगेच ओढ्याचा उतार. इथे जोरात आलेली डिस्क जमिनीला लागून घसरायची ती थेट पाण्यात. तिने कड किंचित वर धरून पटर उंच सोडला. समोरून वाऱ्याची झुळूक आली. पटर त्या झुळुकीवर चढला, क्षणभर जागच्या जागी तरंगला आणि टोपलीच्या पायाशी अलगद उतरला. 

दिराने डोळे मोठे केले. “कसं केलंत?”

“मी कुठे काही केलं? सोडून दिला नुसता.”

“मला बघू द्या.” टोपलीपाशी पडलेला पटर उचलून तो मागे पळत गेला, दात-ओठ खाऊन त्याने तो फेकला आणि पटर पहिल्याच खोडावर आदळला. आता मात्र ती खळखळून हसली.

पटर टोपलीत टाकून टप्पा संपवायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. ती परत सुरुवातीला गेली आणि तिने पटर पुन्हा फेकला. मग पुन्हा. मागून खेळत आलेले दोघं वाट अडली म्हणून कुरकुरत उभे होते. पटर पुन्हा एकदा त्या खोडांमधून सरळ, शांत निघाला, तसे तेही बघत राहिले. त्यांतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “आमची घाई नाही. अजून एकदा टाका.”