भय्यासाहेबांचा ऑसिलोस्कोप

विनताच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिनं भोपाळहून वडिलांचा जुना ऑसिलोस्कोप, विजेचे चढउतार पडद्यावर रेघेनं दाखवणारं यंत्र, माझ्याकडे पाठवला, त्यासोबत ते पत्र होतं. 'काका, कॉलेजातल्या प्रयोगशाळेला बाबांचं नाव देणार आहेत. हे यंत्र तिथे चालू स्थितीत ठेवायचंय. आणि बाबांच्या अचूकपणावर लेख तुम्हीच लिहू शकता.'

विनताचे वडील भय्यासाहेब आमच्या भौतिकशास्त्र विभागाचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली प्रात्यक्षिकं घेणारा. दसऱ्याला ते या यंत्राला हळदकुंकू वाहायचे, झेंडूचा हार घालायचे. त्याचं झाकण त्यांच्याशिवाय कोणी उघडायचं नाही, असा नियमच होता. माझ्या पीएच.डी.ची मोजमापं मी याच पडद्यावर घेतली. रेघ कधी सरळ आली नाही. तिच्यावर बारीक लाट असायची. एकदा मी माझं सर्किट सोडवून इनपुट अर्थ केलं, म्हणजे जमिनीला जोडलं, की बाहेरून यंत्रात काहीच जाऊ नये. लाट तरीही राहते का, एवढंच पाहायचं होतं. पडदा नीट बघण्याआधीच भय्यासाहेबांनी यंत्र बंद केलं.

"यंत्रावर शंका? लाट तुमच्या सर्किटात आहे, अच्युतराव. आणि थोडी डोक्यातही."

सगळे हसले. मीही हसलो. प्रबंध त्यांनी पुढे पाठवलाच नाही. मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच रिटायर झालो, आणि दोष आपलाच असावा असं मानत राहिलो.

परवा विनताचा फोन आला. तो माझ्या बायकोनं, कुंदानं घेतला.

"कार्यक्रम पंधरा दिवसांवर आहे म्हणे. काका काहून बोलत नाहीत, विचारून राहिली होती. काय सांगू?"

"सांग, यंत्र पाहतोय."

"दोन वर्षं पलंगाखाली ठेवून पाहून राहिले तुम्ही! चलो, आता तरी काढा. मला झाडू मारता येत नाही तिथं."

काढलं. डिमरस्टॅटवरून व्होल्टेज हळूहळू चढवलं. इतक्या वर्षांनी एकदम वीज दिली तर जुने कपॅसिटर फुटतात. हिरवी रेघ उमटली. तिच्यावर तीच लाट. इनपुट अर्थ केलं. लाट तशीच. या वेळी बंद करणारं कोणी नव्हतं. सेकंदाला शंभर वेळा येणारी लाट म्हणजे दोष यंत्राच्याच वीजपुरवठ्यात. तिथला, वीज सपाट करणारा कपॅसिटर कामाचा नव्हता.

प्लग काढून झाकण उघडलं. वाटलं होतं, कपॅसिटर म्हातारा झाला असेल. पण मूळचा कपॅसिटर तिथे नव्हताच. चाळीस मायक्रोफॅरडच्या जागी रेडिओतला आठचा बसवलेला होता. त्याच्या तारांवर लाल नळी होती. लाल नळी विभागात फक्त भय्यासाहेब वापरायचे, आपलं काम ओळखू यावं म्हणून.

कपॅसिटर बदललाय हे विसरले असतील, असं मी आधी स्वतःला सांगितलं. पण मग त्या दिवशी यंत्र बंद करायची इतकी घाई कशाला?

कमानिया गेटजवळच्या बाजारातून आणलेला नवा कपॅसिटर बसवला. रेघ एकदम सरळ आली.

"झालं ना चालू?" कुंदा म्हणाली. "मग तोंड काहून पाडलं?"

"लाट माझी नव्हती, कुंदा."

"हे मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही? अच्छा, आता लेख लिहून टाका. मेलेल्या माणसाशी काय भांडता!"

बसलो लिहायला. 'भय्यासाहेबांचा अचूकपणा' एवढं लिहिलं आणि कागद फाडला. दुसऱ्या कागदावर लिहिलं:

'चि. विनता, यंत्र चालू आहे, माणूस पाठवून ने. त्यात चुकीचा कपॅसिटर होता. तो तुझ्या बाबांनी बसवला होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. माझी पीएच.डी. त्यातच गेली. लेख मी लिहिणार नाही. — अच्युतकाका'

कुंदानं वाचलं. "त्या पोरीनं काय केलं बिचारीनं?"

"काहीच नाही," मी म्हणालो.

ज्यानं हे वाचायला हवं होतं तो आता कुठलंच पत्र वाचणार नव्हता. तरी तिकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि आमच्या गढा वस्तीतल्या टपालपेटीत पत्र टाकून आलो.