परड्यातली भिंत

सुभेदार हिंदुराव पेन्शनीवर गावी आले ते डोक्यात बंगला घेऊनच. बेळगावात कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यामागं हिरवळ होती, वेताच्या खुर्च्या होत्या, भोवतीनं दगडी भिंत होती. आपल्यालाही तस्संच पाहिजे. बहात्तरचा दुष्काळ सरून गाव आत्ता कुठं अंग धरत होतं, आणि ह्यांना सुचली हिरवळ. आता काय म्हणावं ह्या माणसाला!

पण माणूस वाईट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. बायकोनं, येसूबाईनं, उभी हयात ह्या मातीच्या घरात एकटीनं काढली, आता तिला राणीसारखी ठेवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

एकटीनं, हे आपलं त्यांचं म्हणणं. घरामागच्या परड्याच्या पलीकडं साळूआक्का राहायची. आईच्या वयाची, विधवा, पोटी कोणी नाही. दोन्ही परड्यांच्या मधे शेराच्या झुडपांचं कुंपण होतं आणि कुंपणाला एक खिंडार होतं. त्यातनं इकडून वाटीभर कोरड्यास जायचं, तिकडून ताक यायचं. नवरा सरहद्दीवर असताना येसूबाई तापानं फणफणली, तेव्हा आक्का त्या खिंडारातनं आली ती येसूबाई उठून बसेपर्यंत परत गेलीच नाही. येसूबाईला तिच्याशिवाय दुसरं होतं तरी कोण, सांगा.

ओसरीला शहाबादी फरशी आली. गोठा पार मळ्यात गेला. येसूबाईनं सगळ्याला मान हलवली. मग शेर तोडून झाला आणि कोंडीबा गवंडी पाया खणायला लागला.

आक्का काठी टेकत आली. भिंत घाल बाबा, तुझी जागा हाय, पण बाईमाणसाला जायपुरती एक दिंडी ठेव, म्हणाली. गल्लीनं वळसा घ्यायचा तर देवळाचा चढ, आणि तिचे गुडघे कधीच कामातनं गेलेले. सुभेदारांनी समजुतीनंच सांगितलं, की दार ठेवलं की कोंबड्या येणार, शेरडं येणार, मग हिरवळ कसली राहतीय? आक्कानं येसूबाईकडं बघितलं.

"येसू, तू तरी बोल की गं."

येसूबाईनं नुसता पदर सारखा केला. नवरा जन्मात पहिल्यांदा तिच्यासाठी काही करत होता. गवंड्यादेखत त्याचा शब्द कसा खाली पाडायचा? घरात गेल्यावर सांगू, असं तिनं ठरवलं, आणि घरात गेल्यावरही तिची जीभ उचलली नाही. भिंत डोक्याच्या वर गेली.

मग पलीकडं भांडी आपटायला लागली. आमच्याकडं बायका अशाच भांडतात. समोर यायचं नाही, तांब्या-परातीला बोलायला लावायचं. वळसा घालून जावं, आक्काचे पाय धरावेत, असं येसूबाईला रोज वाटायचं. पण कुठल्या तोंडानं जाणार? आज नको, राग जरा निवळू दे, उद्या जाऊ. ह्या उद्यानंच घात केला.

एका दुपारी सुभेदारांचे पलटणीतले दोस्त हिरवळ बघायला आले. खुर्च्या मांडल्या, चहा झाला, आणि पलीकडनं भिंतीवर ठणठण सुरू झालं. पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. म्हातारीचा पारा अजून उतरला नाही, असं म्हणून सुभेदार हसले, तसे सगळेच हसले. येसूबाई लाजेनं अर्धी झाली. आलेल्या माणसांदेखत तरी गप बसावं की हिनं, असं तिच्या मनात आलं, आणि आक्काचा तिला पहिल्यांदाच राग आला. आवाज थांबायचा, पुन्हा यायचा. मग बारीक झाला. दिवेलागणीला बंद झाला तेव्हा येसूबाईनं हुश्श केलं. सुटले बाई, म्हणाली.

सकाळी आक्काच्या परड्यात शेण न्यायला आलेल्या हरणाबाईनं बोंब ठोकली. आक्का भिंतीच्या बुडाशी पडली होती, गार होऊन. न्हाणीच्या दगडावरनं घसरून खुबा मोडला होता. परडंभर फरपटत आल्याची खूण होती आणि हातात चेपलेला तांब्या होता. घरातनं पुढचं दार जवळ होतं, तिथनं गल्लीतलं कोणीही धावलं असतं. तरी ती सरपटत आली ती येसूच्या बाजूला.

राख सावडून आल्यावर सुभेदारांनी अंगातला सदराही न काढता टिकाव उचलला. डोळ्यांना धार लागली होती. ही भिंत आडवी आली, माझ्या हौसेनं म्हातारीचा जीव घेतला, असं म्हणत ते घाव घालत होते. पहिला दगड निखळला, दुसरा निखळला. येसूबाई ओसरीवरनं उठली, हिरवळीवरनं चालत गेली आणि तिनं त्यांचा हात धरला.

"कशापायी पाडताय? भिंत कुठं आडवी आली? मला समदं ऐकू येत हुतं."