तव्याने ओढलेला आजार

अंडं घसरलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेलाचा थेंब नाही, लोण्याचा वास नाही, आणि अंडं आपलं पांढऱ्याशुभ्र तव्यावर इकडून तिकडे पळतंय. समोर शंभरेक बाया, ओढून आणलेले पंधरा-वीस नवरे, आणि शेवटच्या रांगेत मी. स्टेजवरच्या गृहस्थाने डॉक्टरसारखा पांढरा कोट घातला होता. तो डॉक्टर आहे असं तो कुठेच म्हणाला नाही, पण कोट काढलाही नाही. मी मनातल्या मनात त्याचं नाव तवामहाराज ठेवून टाकलं.

"भगिनींनो," महाराज म्हणाले, "तुम्ही घरी स्वयंपाक करता की विषप्रयोग? ते ॲल्युमिनियमचं भांडं! तेच तुमचं ब्लडप्रेशर, तीच तुमची शुगर, तीच तुमची गुडघेदुखी! हा सिरॅमिकचा तवा नुसता शिजवत नाही, हा ओढून घेतो! रोज मोठ्या आचेवर तापवा. तुमच्या अंगातलं विष हाताच्या वाटे यात उतरेल आणि तवा काळा पडत जाईल. तवा जितका काळा, तितक्या तुम्ही मोकळ्या! फक्त घासायचा नाही. घासलात की आजार माघारी. पूर्ण काळा झाला की आमच्याकडे जमा करा आणि नवा विकत घेऊन जा."

माझ्या शेजारी माझी थोरली बहीण बसली होती. तिचे डोळे भरून आले होते.

मला मात्र हसू आवरत नव्हतं, कारण असेच तवे बनवणाऱ्या कारखान्यात मी बावीस वर्षं फवारणी खात्यात आहे. ॲल्युमिनियमची चकती दाबून तव्याचा आकार द्यायचा, वरची बाजू खरखरीत करायची, वाळूतल्याच द्रव्यापासून केलेला लेप तिच्यावर फवारायचा आणि भट्टीत भाजायचा. झाला सिरॅमिकचा तवा. तो लेप केसाएवढाही जाड नसतो. म्हणजे महाराज ज्याला तासभर शिव्या देत होते, त्याच ॲल्युमिनियमच्या पाठीवर अंडं घसरत होतं.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. प्रत्येक अंड्याआधी महाराज एका घडी घातलेल्या फडक्याने तवा पुसत होते. "धूळ बसते हो," असं म्हणत. दोन मिनिटांत पाच वेळा धूळ! सभागृहात वादळ सुटलं होतं की काय?

मी उभा राहिलो. "साहेब, एक अंडं माझ्या रुमालाने पुसून करून दाखवा की."

महाराज गोड हसले. "असे एक भाऊ प्रत्येक सभेत असतात. शंका हाही आजारच आहे, भाऊ. तुम्ही दोन तवे न्या."

सभागृह खो खो हसलं. ताईने माझा शर्ट ओढला. "खाली बस रे छोट्या. चारचौघांत शोभा करू नकोस."

मी पन्नाशी ओलांडली आहे, पण ताईपुढे अजून छोट्याच. बसलो खाली.

कार्यक्रम संपल्यावर तव्यांसाठी झुंबड उडाली. त्या गडबडीत मी टेबलाजवळ गेलो आणि ते फडकं पिळलं. माझ्या बोटांवरून तेल ओघळलं. तसाच ताईकडे गेलो. "हे बघ! म्हणून घसरत होतं अंडं."

ताईने माझ्या हाताकडे पाहिलं. "कारखान्यातलं असेल ते. तुझे हात कधी स्वच्छ असतात?" आणि तिने तवा घेतला.

मी ते हसण्यावारी नेलं. ती माझी चूक. एक तवा घेतला तर घेतला, असं मला वाटलं. अंडं भाजेल, बिघडलं कुठे?

दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी तिच्याकडे गेलो. ती एकटीच राहते. चहा ढवळायला चमचा हवा म्हणून खण उघडला, तर आत ब्लडप्रेशरच्या गोळ्यांची पाकिटं. एकही गोळी फोडलेली नाही.

"ताई, हे काय?"

"बंद केल्या," ती आनंदाने म्हणाली. "आता गरजच नाही." आणि तिने ओट्यावरचा तवा दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरला. मधोमध काळाकुट्ट, कडांना तपकिरी. "बघ, केवढं ओढलंय यानं! छोट्या, आईच्या वेळी हा असता ना, तर आई अशी गेली नसती."

आईला ताईच्याच वयात ब्लडप्रेशर वाढून अर्धांगाचा झटका आला होता. चार वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि ते सगळं ताईने केलं. मला खरंतर तेव्हाच रडू यायला हवं होतं. पण मला आला राग. ताई गच्चीवरचे कपडे काढायला गेली, तसा मी खाण्याच्या सोड्याची पेस्ट केली, कोमट पाण्यात कालवून तव्यावर थापली आणि मऊ फडक्याने घासायला लागलो. तिला डोळ्यांनी दाखवायचं होतं. मोठ्या आचेवर तेलाचा थेंब टाकला तरी त्याचा पातळ पापुद्रा जळून लेपाला चिकटतो. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. बस, एवढाच तो आजार. महाराज मोठी आच सांगतात ती तवा लवकर खराब होऊन नवा विकला जावा म्हणून, आणि घासू नका म्हणतात ते तुम्हाला कळू नये म्हणून.

ताई आली तेव्हा तवा बराचसा पांढरा झाला होता. तिच्या हातातले कपडे खाली पडले.

"काय केलंस तू?"

"ताई, जळलेलं तेल होतं गं. हे बघ फडक्यावर."

"माझा आजार होता तो!" ती किंचाळली. "दोन महिने काढला होता मी अंगातनं! तू परत घातलास!"

आणि तिने दाराची चौकट धरली. चेहरा लालबुंद झाला, कपाळ दाबून ती खालीच बसली. दोन महिने गोळी नाही, त्यात हा संताप. पण तिला कारण वेगळंच दिसत होतं, आणि ते माझ्या हातात होतं, अर्धवट घासलेलं.

दवाखान्यात प्रेशर निघालं दोनशे दहा. डॉक्टरीणबाईंनी तिथेच औषध दिलं, तासभर झोपवून ठेवलं, मग शांतपणे सगळं समजावलं. ताईने मान हलवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्यांना काय माहीत? तू घासलास आणि चढलं. मला कळतं ना माझ्या अंगाचं." घरी येऊन डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्याही तिने खणातच टाकल्या.

पुढचे तीन दिवस मी कामावरून सुटलो की तिच्याकडे जात होतो. समजावलं, ओरडलो, हात जोडले. कारखान्यातून कच्ची चकती नेली, लेप फवारलेली चकती नेली. ती दरवेळी चहा द्यायची आणि म्हणायची, "तुला नाही कळायचं." चौथ्या दिवशी मी हरलो. तव्याच्या खोक्यातलं पत्रक काढलं, चष्मा लावला आणि वाचल्यासारखं केलं.

"ताई, इथे बारीक अक्षरात लिहिलंय. रोज गोळी घेतली तरच तवा ओढतो. गोळीनं विष सुटं होतं, मग तवा घेतो."

"बघू?"

"तुला चष्म्याशिवाय दिसायचं नाही."

तिने पत्रक हातात घेऊन उलटसुलट केलं. मग खण उघडला. "हे आधी नाही सांगायचं का रे?" म्हणाली आणि गोळी गिळली.

महिन्याने प्रेशर उतरलं. ताई डॉक्टरीणबाईंना तवा दाखवायला घेऊन गेली. तिच्या मजल्यावरच्या दोन बाया मला जिन्यात थांबवून विचारतात, "भाऊ, तो गोळीबरोबरचा तवा कुठे मिळतो?" फडकं पिळून तेल काढणारा मी, आता महाराजांचा मदतनीस झालो आहे. लाज वाटते. पण गोळी बंद होईल या भीतीने तोंड उघडत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. सिरॅमिकचा तवा जरूर घ्या, वाईट नसतो. तळ जाड आणि सपाट आहे का बघा, दांडा घट्ट आहे का बघा. मंद आचेवर, लाकडी उलथन्याने वापरा. वर्ष-दोन वर्षांत लेप झिजेल, तो झिजतोच. पण तवा अन्न शिजवतो, माणूस बरा करत नाही. दाखवणाऱ्याच्या हातातलं फडकं आधी मागून घ्या. आणि तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाचे डोळे भरून आले असतील, तर हसू नका. त्याच दिवशी घरी जाऊन त्याच्या गोळ्यांचा खण उघडून बघा. नंतर खरं बोलायला जागा उरत नाही.

आज सकाळीच ताईचा फोन आला. "छोट्या, तवा पुन्हा काळा पडायला लागलाय. चांगलं ना रे?"

"हो ताई," मी म्हणालो. "गोळी घेतलीस?"