उंचीचं घड्याळ

गोदामाचं शटर अर्धं उघडं होतं आणि आतून ड्रिल मशीनचा आवाज येत होता. पर्सरबाई झपाझप शटरकडे निघाल्या. आज कुणालाही काहीही ठोकायला, खिळे मारायला त्यांनी सांगितलेलं नव्हतं. आज फक्त धूळ पुसायची आणि पाहुण्याची वाट बघायची, एवढंच ठरलं होतं. पण ठरल्याप्रमाणे वागतील तर ती त्यांची मंडळी कसली!

पर्सरबाईंनी उभी हयात एका विमान कंपनीत काढली. विमानात प्रवाशांची उठबस करणाऱ्या मुलींवर देखरेख ठेवायची, हे त्यांचं पर्सरचं काम. कंपनी बुडाली तेव्हा मोठे साहेब रातोरात पसार झाले आणि सगळं सामान आवारात उघड्यावर पडलं. गणवेश, टोप्या, जेवणाची कार्डं, वैमानिकांच्या वह्या, फोटोंची खोकी आणि विमानातली घड्याळं. म्हणजे वेग, उंची, दिशा दाखवणाऱ्या काचेच्या तबकड्या. बाईंनी पदर खोचला आणि सगळं उचलून धाकट्या दिराच्या गोदामात आणून टाकलं.

तेव्हापासून त्या दारोदार फिरत होत्या. एक संग्रहालय म्हणालं जागा नाही, दुसरं म्हणालं अर्ज करा, तिसऱ्याचा माणूस येऊन चहा प्यायला, फोटो काढले आणि जो गेला तो गेलाच. आता दिराला गोदाम फरशांच्या धंद्यासाठी हवं होतं. आज संध्याकाळपर्यंत माल हलला नाही तर भंगारात, असं त्याने तोंडावर सांगितलं होतं. आणि नेमका आजच एक हॉटेलवाला सगळं बघायला येणार होता.

त्या वाकून आत शिरल्या. टेबलापाशी लालचिठ्ठी बसले होते. हे कंपनीचे जुने इंजिनिअर. विमानाचा एखादा भाग पसंत पडला नाही की त्याला लाल चिठ्ठी बांधून बाजूला काढायचा, यातच त्यांचा जन्म गेला. त्यामुळे सगळे त्यांना तोंडावरही लालचिठ्ठीच म्हणत. त्यांच्यासमोर घड्याळं ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकाच्या काचेतून आरपार एक भोक गेलेलं होतं.

 बाईंच्या तोंडून शब्द फुटले ते सगळे एकदमच.

"अहो, काय करून ठेवलंत हे! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"माल बाहेर जातोय ना आज?" लालचिठ्ठींनी वरही बघितलं नाही. "मुदत संपलेला भाग आवारातून अख्खा बाहेर जात नाही. कुणीतरी पुसतं, रंगवतं आणि परत विमानात बसवतं. नियम आहे."

"कुणाचा नियम? कंपनीच राहिली नाही!"

"कंपनी नाही राहिली. भाग आहेत."

"हॉटेलात भिंतीवर टांगायचंय ते सगळं! भिंत घेऊन आकाशात उडणार आहे का कुणी?"

लालचिठ्ठींनी शांतपणे शेवटचं घड्याळ पुढे ओढलं. कंपनीच्या पहिल्या विमानातलं, उंची दाखवणारं. बाईंनी झडप घालून ते हिसकावलं.

"याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे!"

"बाई, तुम्ही इतकी वर्षं उडालात," ते हात झटकत म्हणाले. "दर वेळी धड खाली उतरलात ना?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"तोच तर संबंध आहे."

या माणसापुढे डोकं फोडून घेण्यात अर्थ नव्हता. बाईंनी चादर ओढून भोकं पडलेली घड्याळं झाकली. तेवढ्यात दीर डोकावला.

"वहिनी, फरशांचा टेम्पो निघालाय. भंगारवाल्याला सांगून ठेवू का?"

"सांगा की भावजी. मलाही त्यातच घाला!"

हॉटेलवाला आला तो हसतमुखाने. चांगला माणूस होता. गणवेशाला हात लावण्याआधी त्याने हात पुसले. चादरीखाली डोकावून त्याने नुसतंच "अरेरे" केलं. फोटोंच्या खोक्यात मात्र तो पुरता रमला.

"सगळं घेतो," तो म्हणाला. "एक कागद टाकणार नाही. मोठा हॉल बांधतोय, त्याला तुमच्या कंपनीचंच नाव देतो."

बाईंना एकदम रडू आलं. इतक्या दारांवरून परत फिरल्यावर कुणीतरी एवढं सरळ बोललं होतं! त्यांनी हातातलं घड्याळ त्याच्या हातात दिलं. त्याने काचेवर टिचकी मारली.

"सुई हलतेय की! हे हॉलमध्ये नाही हं लावणार. माझं एक छोटं विमान आहे, पाहुण्यांच्या मुलाबाळांना फिरवून आणतो. त्यातलं असलंच घड्याळ सारखं अडकतं. हे बरोब्बर बसेल त्या जागी."

"त्याची मुदत संपलीय," बाई म्हणाल्या.

"थोडं साफ केलं की झालं. पहिल्या विमानातलं घड्याळ घेऊन उडायचं, मजाच वेगळी! एवढं द्या, बाकीचं न्यायला आत्ता गाडी मागवतो."

"आणि हे नाही दिलं तर?"

"मग काय उरलं?" तो हसला. "भोकं पाडलेल्या डब्यांसाठी आणि जुन्या कपड्यांसाठी हॉल कोण बांधेल, बाई?"

बाईंनी लालचिठ्ठींकडे पाहिलं. सकाळपासून नियम ऐकवणारा हा माणूस आता मूग गिळून जमिनीकडे बघत होता. बोला ना आता! त्यांना त्याचाही संताप आला. हॉटेलवाल्याचा आला, दिराचा आला, पळून गेलेल्या साहेबांचा आला. एवढी पायपीट केली, एवढी बोलणी खाल्ली आणि दार उघडलं ते असं.

ढगातून विमान खाली यायचं तेव्हा त्या पट्टे तपासत रांगेतून चालायच्या. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, कुणाच्या तरी मांडीवर पेंगुळलेलं मूल. पुढे वैमानिकालाही बाहेरचं काही दिसत नसायचं, दिसायची ती ही सुई. ती खोटं बोलत असेल, अशी शंका त्यांना एकदाही आली नव्हती.

"द्या जरा," त्या म्हणाल्या. त्यांनी घड्याळ घेतलं आणि लालचिठ्ठींपुढे ठेवलं. "पाडा."

"बाई, अहो..." हॉटेलवाला पुढे सरसावला.

"पाडा म्हणते ना!"

ड्रिल सुरू झालं. घड्याळ टेबलावर सरकायला लागलं, तेव्हा बाईंनीच ते दोन्ही हातांनी दाबून धरलं. काच तडकली, सुई वाकली. हॉटेलवाला "वेड लागलंय तुम्हाला" म्हणत निघून गेला. दिराने कपाळावर हात मारून घेतला.

"फोटो आणि वह्या माझ्या पलंगाखाली मावतील तेवढ्या मावतील," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "बोलवा भावजी, तुमच्या भंगारवाल्याला. घड्याळं आता कुणीही नेली तरी चालतील."