नुसता एक 'गं'

सिस्टरने रक्तदाबाचा पट्टा मिस्त्रींच्या दंडावरून सोडला, त्याची घडी घातली आणि गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे पाहत हाक मारली.

"बारक्या, चल, आता तू ये गं."

बारक्या पाठीवरच सरपटत बाहेर आला. हातातला पाना त्याने खाली ठेवला नाही. कंप्रेसर चालू असता तर हाक त्यात बुडून गेली असती, पण तपासणी शिबिरासाठी मिस्त्रींनी तो मुद्दाम बंद ठेवला होता.

"सिस्टर, बारक्या कधीपासून गं झाला?" गॅरेजातला रंगारी हसत म्हणाला.

जीभ कुणाचीही घसरते. दिवसभर लेकीसुनांशी बोलणाऱ्या बाईचा एखादा 'गं' भलत्यालाच चिकटतो, सगळे हसतात आणि विषय संपतो. सिस्टरही हसली असती तर तो तिथेच संपला असता. पण तिचा चेहरा उतरला, हात तोंडावर गेला आणि ती बारक्याकडे पाहत कळवळून म्हणाली,

"सॉरी बाळा, माझ्या लक्षातच राहिलं नाही."

काय लक्षात राहिलं नाही, हे कुणी विचारलं नाही. रंगाऱ्याचं हसू अर्ध्यावर राहिलं. मिस्त्रींनी एकदा सिस्टरकडे, एकदा बारक्याकडे पाहिलं आणि वर सारलेली बाही खाली ओढली.

"माझं प्रेशर किती आलं ते सांगा आधी," ते म्हणाले.

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या फॉर्मवर ते नवे प्रश्न आले, तेव्हा सिस्टरनेच बारक्याला समजावलं होतं. खोलीचं दार लावून, खिडकीचा पडदा ओढून. जन्माच्या वेळी काय नोंदलं होतं, हा पहिला प्रश्न. आज तू स्वतःला काय मानतोस, हा दुसरा.

"नको वाटलं तर नको सांगूस," ती म्हणाली होती. "पण विचारलंच नाही तर माणसं मोजली जात नाहीत, आणि मोजली नाहीत तर त्यांच्यासाठी वर कुणी काही करत नाही. बाकी तू निर्धास्त राहा. या कानाची खबर त्या कानाला लागणार नाही."

या शहरात त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. आईला माहीत होतं, पण ती दूर होती आणि फोनवर अजून जुन्याच नावाने हाक मारायची, म्हणून तो फोनच कमी करायचा. सिस्टरची गोष्ट वेगळी. कावीळ झाली तेव्हा हीच बाई ड्यूटी संपवून डबा घेऊन त्याच्या खोलीवर यायची आणि तो जेवेपर्यंत समोर ठाण मांडून बसायची. त्याने पहिल्या प्रश्नाला 'मुलगी' म्हटलं आणि दुसऱ्याला 'पुरुष'. सिस्टरने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी त्याला इतकं हलकं वाटलं की गॅरेजवर पोहोचल्यावर त्याने सगळ्यांना चहा पाजला, आणि कशाबद्दल ते काही केल्या सांगितलं नाही.

सिस्टर पेटी आवरून गेली. कंप्रेसर पुन्हा सुरू झाला. कामं नेहमीसारखीच चालली होती, फक्त प्रत्येकाच्या तोंडी 'रे' वाढला. जॅक दे रे. ऑइल गळतंय का बघ रे. एरवी रंगारी त्याला शिवी दिल्याशिवाय हाकच मारायचा नाही. आज एकही शिवी आली नाही, आणि ते बारक्याला सगळ्यात जास्त लागलं.

संध्याकाळी कपडे बदलायला सगळे पत्र्याच्या आडोशाला एकदमच घुसायचे. तो आपला कोपऱ्यात पाठ करून शर्ट चढवायचा आणि कुणी ढुंकूनही बघायचं नाही. आज सगळे बाहेर थांबले.

"तू उरकून घे आधी," रंगारी जमिनीकडे बघत म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."

बारक्या ग्रीसच्या कपड्यांतच घरी गेला. या गॅरेजात तो फक्त बारक्या होता. तेवढंच त्याने कमावलं होतं आणि ते एका अक्षराने गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच तो सिस्टरच्या खोलीत शिरला. तिने लगबगीने दार लावलं.

"आता कशाला लावताय?" तो म्हणाला.

"चुकलं माझं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पण मी कुणाला अवाक्षर सांगितलेलं नाही, शपथ घेते. नुसती जीभ घसरली."

"मी सांगेपर्यंत इतकी वर्षं नाही घसरली."

सिस्टर खुर्चीत बसली.

"तुम्ही दोन प्रश्न विचारले होते. दुसऱ्याला मी काय म्हणालो?"

"पुरुष. तसंच भरलंय मी. दाखवू का?"

"भरलं असेल. मनात कुठलं उत्तर धरलंत?"

तिने टेबलावरचा स्टेथोस्कोप उगाच सरळ केला. पोटातलं ओठावर येऊन गेलं होतं, आणि आता ते परत कुठे ठेवायचं हे तिला कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी त्याने कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर आणून दिलं असतं.

"बस ना जरा," ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर घेण्याआधी किंचित अडखळली. "बस रे."

ते अडखळणं त्याने ऐकलं. तो वळला आणि त्याने दार उघडलं.

बाहेरच्या बाकावर चाळिशीतला एक माणूस बसला होता. हातात रुमाल, बुटांवर प्रवासाची धूळ. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून जवळचा दवाखाना सोडून आला असावा. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अहो, इथे ते नवे प्रश्न विचारतात ना? नीट विचारतात का? म्हणजे, खरं सांगितलं तर चालतं?"

"विचारतात फार छान," बारक्या म्हणाला.

तो माणूस पुढचं काही ऐकायला मिळेल म्हणून त्याच्याकडे बघत राहिला. आतून सिस्टरने घसा साफ करून हाक दिली, "या, पुढे कोण आहे?"

माणूस उठला. बारक्या दारातून बाजूला झाला नाही.