मोठा पट्टा

"पट्टा पुरत नाहीये, मॅडम. मोठा आणू?"

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा, हातात दहा मिनिटं, त्यातली दोन संपलेली, आणि शकीलानं हे विचारलं. परीक्षक कुसुम मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "आणा की. घड्याळ मात्र तुमच्यासाठी थांबणार नाही."

पडद्यामागे मुली खुसखुसल्या. नर्सिंग कॉलेजात आल्यापासून हेच हसू शकीलाच्या वाट्याला होतं. ब्लडप्रेशर घ्यायला मुली एकमेकींच्या दंडावर शिकायच्या. शकीलाच्या दंडावरून पट्टा चर्रकन सुटायचा. "तुला गुरांच्या दवाखान्यातला लागेल गं!" हेमा म्हणायची. मग तिचा दंड कुणी मागितलाच नाही.

कॉटवरच्या मंदाकिनीबाईही अंगानं तशाच. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन प्रेशरपायी दोनदा पुढे ढकललेलं. आत्ताच आपल्या पाळीला हेमानं एकशे सत्तर लिहून वर सुनावलं होतं, "तोंडाला आवर घाला, मावशी." बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. खरं तर शकीलालाही वाटून गेलं होतं, पथ्य पाळत नसणार. मग तिची तिलाच लाज वाटली.

"आलेच हं, मावशी!"

सकाळी बिबवेवाडीहून निघताना अब्बांनी बजावलं होतं, घाई करू नकोस. आणि आता ती दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरत होती. स्टोअरच्या कपाटात मोठा पट्टा होता, पिशवीचं सीलसुद्धा न फोडलेला! तो छातीशी धरून ती पुन्हा वर धावली. नापास झाले तर झाले, पण हा आकडा खोटा आहे, खोटा!

पट्टा व्यवस्थित बसला. श्वास शांत करून तिनं एकदा ऐकलं, थोडं थांबून पुन्हा ऐकलं.

"एकशे अठ्ठावीस, ऐंशी!" ती जवळजवळ ओरडलीच. "आखूड पट्ट्यानं आकडा फुगत होता, मॅडम!"

मॅडमनी स्वतः मोजून पाहिलं. तोच आकडा.

मंदाकिनीबाई उठून बसल्या. "दीड महिना अळणी जेवतेय मी. कुणाला खरंच वाटेना." त्यांचे डोळे भरून आले होते. "आता होईल ना गं ऑपरेशन?"

"डॉक्टरांना आत्ताच कळवते," मॅडम म्हणाल्या आणि शकीलाकडे वळल्या. "पास. आणि तो पट्टा परत कपाटात कोंडू नका."

व्हरांड्यात हेमा वाट पाहत होती. तिनं पट्टा हातात घेतला, थोडी घुटमळली. "दंड दे."

"कशाला?"

"मला शिकायचंय."

शकीलानं बाही वर सारली. हेमानं पट्टा गुंडाळला, कानाला नळी लावली.

"अगं, केवढ्या जोरात पडताहेत ठोके!"

"पडू देत," शकीला म्हणाली आणि हात तसाच पुढे धरून उभी राहिली.